संयोगिताबाईंनी बंधुप्रेमाचे संकेतस्थळ फत्ते केले त्याची हकीकत

॥ श्री अंबाबाई समर्थ ॥

करवीर शहरी, जेथे पाहुण्यास आधी जेवू घालावे आणि मग नाव विचारावे ऐसी रीत आहे, तेथे हल्लीचे काळी एक मसलत घडली. ती शाहूपुरीत उभी राहिली, गारगोटीचे रस्त्यावर लढली गेली आणि दिवाळीचे पाडव्यास तडीस गेली. पूर्वी थोरांनी गड घेतले, त्यांची वर्णने बहुत जाहली. गडास दरवाजा असतो, तो फोडिला म्हणजे काम जाहले. परंतु गिऱ्हाइकाचे मनास दरवाजा कोणते बाजूस असतो हे अद्याप कोणास उमगले नाही, आणि त्या किल्ल्यास एका दूधवाल्याचे कन्येने वेढा घातला. त्याची हकीकत लोक आपापले सोयीने सांगू लागले, कोणी म्हणे बाई बुडाली, कोणी म्हणे बाईने मोटार घेतली, सबब खरे काय ते साद्यंत लिहोन ठेविले आहे. संकेतस्थळे बांधोन देण्याचा लहानसा धंदा मांडिला असता त्यात नफा होतो किंवा न होतो, हा या मसलतीचा मूळ मुद्दा. वाचणारांनी निवाडा शेवटास करावा, आधी करू नये.

राजमान्य राजश्री आकाराम, वस्ती मंगळवार पेठ, यांचे शाहूपुरीत दूध-दह्याचे दुकान, आणि त्यास लागोन त्यांचाच एक रिकामा गाळा. त्यांची कन्या संयोगिताबाई पुण्यास एका मोठ्या कंपनीचे चाकरीत होत्या. तेथे शेकडो माणसे मिळोन एकच संकेतस्थळ सांभाळीत, आणि त्यातील एका बटणाचा कारभार बाईंकडे होता. बटण हिरवे असावे की निळे, यावर दरबार भरे, आणि मग दुसरा दरबार भरोन पहिल्याचा ठराव रद्द होई. ऐसी काही वर्षे गेली, आणि ते बटण दाबणारा एकही मनुष्य बाईंनी डोळ्यांनी पाहिला नाही. तेव्हा चित्त उदास होऊन त्यांनी राजीनामा दिधला आणि करवीरास कूच केले, आणि येताच मनसुबा जाहीर केला की, आता आपले मुलखात आपल्या माणसांची संकेतस्थळे आपण बांधावी, आणि ज्याचे काम त्याचे तोंड पाहोन करावे. तोंड पाहोन काम करण्यात काय काय भोगावे लागते, हे बाईंस तेव्हा ठाऊक नव्हते.

आकारामांनी विचारणा केली की, संकेतस्थळ ही चीज नेमकी काय. बाईंनी अर्ज केला की, दुकानाची पाटीच, परंतु जगभर दिसणारी. त्यावर आकाराम बोलिले,

"माझं दूध जगभर दिसून काय करायचं? सकाळचंच संपतंय त्ये."

इतके बोलोन त्यांनी गाळ्याची किल्ली कन्येचे हाती दिली. त्यांचा स्वभावच ऐसा, की जे पटत नसे त्यासही आडवे येत नसत, फक्त पटले नाही हे रोज सांगत. मातोश्री आक्का यांनी संगणकास हळदकुंकू वाहिले आणि त्यापुढे नारळ फोडिला, तो ऐसे जोराने फोडिला की पाणी थेट यंत्राचे बटणांवर गेले, आणि मोहिमेतील पहिला कीबोर्ड मुहूर्तासच कामी आला.

बाईंचे जोडीस अमरेश म्हणोन एक शिलेदार होता. तो गडहिंग्लजकडचा, वडील चन्नाप्पा यांचे तेथे कापडाचे दुकान. बाईंनी आतील यंत्रणा बांधावी आणि अमरेशने वरील रूप-रंग सजवावे, ऐसी वाटणी होती. अमरेश मितभाषी, कोणी कितीही हलके बोलले तरी "बरं" इतकेच म्हणे, आणि मग कोपऱ्यात जाऊन भडंग खाई. त्याची अव्वा, म्हणजे मातोश्री, दररोज दूरध्वनीवरून कानडीत पुसत असे की, पगार जाहला काय, आणि तो मराठीत सांगे की, जेवण जाहले. त्यास बेंगळुरास चाकरीचे बोलावणे आले होते. त्याने नकार लिहिला नव्हता, होकारही लिहिला नव्हता, आणि ही गोष्ट बाईंस ठाऊक होती, परंतु त्यांनी ती कधी विचारिली नाही, कारण विचारिले असता उत्तर मिळेल याचे त्यांस भय होते.

मोहिमेचे पहिले साल भाऊबंदांचे कामात गेले. मावसभावाची व्यायामशाळा, आतेबहिणीचे ब्यूटी पार्लर, चुलत्यांचे मित्राचे लॉज, ऐसे एकामागोन एक मुलूख सर केले, आणि प्रत्येकाने मोबदल्याचे वेळी एकच फर्मान काढिले की, घरचीच हायस की तू. लॉजवाल्याने हुकूम केला की, अमुक पंचतारांकित हॉटेलाचे आहे तैसेच हुबेहूब करावे, परंतु कोणास ओळखू येऊ नये. एका गुळाचे व्यापाऱ्याने कामाची बहुत तारीफ केली आणि मोबदला म्हणोन गुळाच्या ढेपा धाडिल्या. त्यातील एक अमरेशने गडहिंग्लजास नेली, तेव्हा त्याचे अव्वांनी ती उचलोन पाहिली आणि म्हणाल्या की, पगार बरा आहे, परंतु बँकेत कैसा भरणार.

इतके होता होता एका पेढीचे कारभारी आकारामांकडे आले आणि त्यांनी पेशकश ठेविली की, रस्त्यालगतचा गाळा द्यावा, आम्ही तेथे पैसे काढण्याचे यंत्र बसवितो आणि दरमहा भाडे बिनचूक देतो. आकारामांनी ती गोष्ट जेवताना घरात काढिली. ते म्हणाले की, यंत्र बोलत नाही, चहा मागत नाही, उदास होत नाही आणि भाडे देते. आक्कांनी भाकरी थापता थापता म्हटले की, यंत्र आपल्या पोटचे नाही. आकाराम कन्येचे भले चिंतीत, परंतु भले चिंतिणे आणि गाळा रिकामा ठेविणे हे त्यांचे मते दोन निरनिराळे व्यवहार होते. सबब त्यांनी फर्मान काढिले की, दिवाळीचे पाडव्यास हिशेब पाहणे, नफा दिसल्यास गाळा राहील, न दिसल्यास गाळ्यात यंत्र येईल, आणि लेकीने पुण्यास आपले बटणाकडे परत जावे.

दुसरे दिवशी गाळा उघडताना कुलूप हाती धरोन बाई किंचित काळ उभ्याच राहिल्या, आणि पलीकडे वडील दुधाची कॅन उतरवीत होते, त्यांनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

अशा समयी गणपतराव यांची खासा स्वारी गाळ्यात दाखल जाहली. गारगोटीचे रस्त्यास यांचे 'बंधुप्रेम मंगल कार्यालय'. ते यांचे वडिलांनी बांधिले आणि तिघे पुत्र एकोप्याने राहावे या हेतूने त्यास हे नाव दिधले. वडील निवर्तले, आणि नाव राहिले. तिघांत थोरले गणपतराव, यांजकडे हिशेब. मधले जोतीराम, यांजकडे मुदपाक, म्हणजे पंगतीचे जेवण. धाकटे उदयसिंह, यांजकडे दिवे, मांडव आणि राजकारण. तिघे एकमेकांशी बोलत नसत. जे सांगणे ते कार्यालयाचे पहारेकऱ्यामार्फत सांगत, आणि पहारेकरी रजेवर गेला म्हणजे त्या दिवशी कार्यालयाचा कारभार बंद राही.

गणपतरावांनी सांगितले की, कार्यालयाचे संकेतस्थळ आधी उदयसिंहाने फुकट करविले होते. त्याने कृत्रिम बुद्धीचे यंत्रास फर्मावले आणि यंत्राने एका क्षणात करून दिले. परंतु त्यात मांडवाचे मागे बर्फाचे डोंगर उभे राहिले, नवरीचे हातास सहा बोटे आली, आणि पंगतीत पाहुणे पिझ्झा जेवत होते, ते पाहोन जोतीराम मुदपाक सोडोन दोन लग्ने रुसले. सबब माणसाने केलेले पाहिजे. इतके सांगोन त्यांनी मोबदला कबूल केला, अर्धा तेथेच दिधला, आणि तो गुळाचा नव्हता. बाईंस हर्ष जाहला. मग गणपतराव उठता उठता बोलिले की, फक्त पहिल्या पानावर माझा फोटो मोठा येऊ द्या, थोरला म्हणोन.

त्याच दिवशी जोतीराम आले आणि म्हणाले की, लोक कार्यालयात जेवणासाठी येतात, सबब फोटो माझा. मग उदयसिंहांचा आवाजी खलिता मोबाइलवर आला, त्यात मागे स्पीकर वाजत होता, आणि मजकूर हा की, पुढे निवडणूक आहे, फोटो माझा, तोही हार घातलेला, आणि बाजूस वाघ दिला तरी हरकत नाही.

येथोन जे युद्ध पेटले त्याचे वर्णन किती करावे. बाईंनी तिघांचे फोटो एका ओळीत मांडिले, तर मध्ये कोण यावर तंटा. एकाखाली एक मांडिले, तर खाली कोण यावर तंटा. गोलाकार मांडिले, तर जोतीराम म्हणाले की, गोलात सुद्धा गणपतच वर दिसतोय. अमरेशने तिघांचे आकार फूटपट्टीने समान केले, तेव्हा उदयसिंहांनी कळविले की, माझा देह मुळात मोठा, समान केला म्हणजे मला लहान केले. लग्नात मानपान पाहणारे ते घराणे, विहिणीचे पाटास आणि व्याह्याचे फेट्यास जो काटा लावीत तोच काटा त्यांनी संकेतस्थळास लाविला. नवरात्र जवळ आले तरी पहिले पान कोरेच, आणि आपापले बंधूंस नावे ठेविणारे खलिते ऐसे येत की अमरेशचे भडंग दुकानात पुरेना.

एके दुपारी अमरेशने आपला संगणक मिटविला आणि म्हणाला,

"बेंगळुरूवाल्यांनी उद्यापर्यंत उत्तर मागितलंय. मी व्हय म्हणतो आता."

बाईंचे चित्तास मोठा धक्का बसला. त्यांस वाटले की, थांब म्हणावे, परंतु थांब म्हणण्यास हाती देण्याजोगे काही नव्हते. तेव्हा त्या इतकेच बोलल्या,

"उत्तर उद्या द्यायचंय न्हवं? मग आज एक काम करू."

आणि मग त्यांनी जो कावा रचिला तो ऐसा. कार्यालयाचे संकेतस्थळ एकच बांधावे, परंतु त्याचे पत्ते, ज्यास लोक लिंक म्हणतात, ते चार करावे. एक लिंक गणपतरावांचे मोबाइलवर धाडावी, ती उघडली म्हणजे पहिल्या पानावर गणपतराव. दुसरी जोतीरामांस, तीत जोतीराम. तिसरी उदयसिंहांस, तीत उदयसिंह, हार घातलेले, बाजूस वाघ. आणि चौथी लिंक, जी खरी, जी गावोगावचे लोक उघडतील, तीत तिघांपैकी कोणीच नाही. तेथे मांडव किती मोठा, पंगत किती बसते, गाड्या कोठे लावाव्या, नवरीस तयार होण्यास खोली आहे काय आणि कोणती तारीख मोकळी आहे, इतकेच. अमरेशने हे ऐकिले आणि संगणक पुन्हा उघडिला, आणि संध्याकाळ होईतो तिघा बंधूंचे तीन खलिते आले, तिन्हींत एकच शब्द की, आता जमलं. प्रत्येकास वाटले की, आपण जिंकलो. अमरेशने बेंगळुरास लिहिले की, विचार करण्यास आणखी थोडी मुदत असावी.

परंतु ज्याचे पोटी राजकारण तो स्वस्थ कैसा बसेल. दसरा होताच उदयसिंहांनी संकेतस्थळाचे लोकार्पण काढिले. कार्यालयात मांडव, खुर्च्या, सनई, आणि व्यासपीठावर भला मोठा पडदा उभा केला, की सर्व लोकांसमक्ष संकेतस्थळ त्यावर उघडावे. आमंत्रणे भाऊबंदांस गेली, व्यापाऱ्यांस गेली आणि आकारामांसही गेली, ते आणि आक्का नवी वस्त्रे लेवोन दुसरे रांगेत येऊन बसले. पडद्याची गोष्ट बाईंस तेथे पोचल्यावर कळाली.

पुढील रांगेत तिघे बंधू बसले होते, एकमेकांत एकेक खुर्ची मोकळी ठेवोन, आणि तिघांचेही मुखावर एकच मंद हास्य. सनई थांबली. अमरेश संगणकापुढे बसला होता, त्याने मान न वळविता हळू विचारिले,

"कुणाचं उघडू?"

बाईंनी पाहिले की, गणपतरावांचे उघडावे तर दोघे उठतात, जोतीरामांचे उघडावे तर गणपतराव हिशेब बंद करितात, उदयसिंहांचे उघडावे तर वाघ दिसतो. कोणाचेही उघडिले तरी लबाडी उघडी पडणार, मोबदल्याचा उरलेला अर्धा बुडणार, दुसरे रांगेत वडील बसले आहेत आणि पाडवा तोंडावर आला आहे. पुण्यातील बटणाचे त्यांस स्मरण जाहले. तेथे कोणी ऐसे समोर बसत नसे. त्या म्हणाल्या,

"लोकांचं उघड."

पडद्यावर मांडव आला. मग पंगत आली, मग गाड्यांची जागा, मग नवरीची खोली, आरसा आणि पंख्यासकट. बंधू वाट पाहत होते. पान खालवर सरकले, संपले, आणि कोणीच आले नाही. मग तिघांनी एकदम खिशातील मोबाइल काढिले, आणि किती वर्षांनी कोण जाणे, तिघे एकमेकांचे हातात डोकावले, आणि तीन मोबाइलांवर तीन मालक पाहोन सारा कावा त्यांस उमगला. गणपतराव लाल जाहले. उदयसिंह बोलिले की, भर सभेत फसवणूक जाहली, आणि पैशाचे तर नावच काढू नये. आक्कांनी आकारामांची बाही धरिली. आकाराम उठोन उभे राहिले, परंतु पुढे आले नाहीत, कन्या काय बोलते हे त्यांस ऐकावयाचे होते.

संयोगिताबाई व्यासपीठाचे कडेस आल्या. पुण्याची भाषा त्या विसरल्या आणि पेठेची बोलू लागल्या.

"मी तिघांस्नी तीन लिंका दिल्या, व्हय. तुमाला ज्ये बघायचं हुतं त्ये तुमाला दावलं. लोकांस्नी ज्ये बघायचंय त्ये लोकांस्नी दावलंय. काका, तुमचं तोंड बघून कोण लगीन ठरवत न्हाय. मांडव बघून ठरवत्यात. पैसं नका देऊ, पर ह्ये खरं हाय."

इतके ऐकोन जोतीराम काही म्हणणार, तोच कार्यालयाचे दारातून एक बाई आत आल्या. त्यांस लोकार्पण ठाऊक नव्हते, आमंत्रणही नव्हते. त्यांचे नाव निर्मलाबाई, राहणार गारगोटी, मुलीचे लग्नास कार्यालय ठरविण्यास निघालेल्या, बरोबर व्याही मंडळींपैकी दोघे. भरल्या सभेस पाहोन त्या थोड्या बुजल्या, मग पहिले रांगेपाशी जाऊन त्यांनी विचारिले,

"पावणं, हितलं मालक कोण?"

तिघे बंधू एकदम बोलिले,

"मी."

निर्मलाबाईंनी तिघांकडे पाहिले आणि म्हणाल्या की, मला एकच मालक पुरे, तारीख धरावयाची आहे. संकेतस्थळ आदले रात्रीच लोकांस खुले केले होते, ते यांनी घरबसल्या पाहिले होते. उदयसिंहांनी मोठ्या आशेने विचारणा केली की, आपण आमचेच कार्यालय का निवडिले. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते सभेतील सर्वांनी ऐकिले.

"फोनवर सगळं बघिटलं. गाड्या किती मावत्यात, पंगत किती बसती, पोरीला कापडं बदलाय खोली हाय का. दुसरी कार्यालयं उघडली की निस्तं मालकांचं हार घाटलेलं फोटू. मी म्हटलं, लगीन माझ्या पोरीचं हाय का ह्येंचं?"

मागील रांगेत कोणी हसले. मग पुढील रांगेत हसले. मग आक्का हसल्या, त्या मोठ्याने हसतात. उदयसिंहांनी मोबाइल हळूच खिशात घातला. गणपतरावांनी तारखांचे पान उघडिले, जोतीरामांनी जेवणात काय काय हवे ते पुसले, उदयसिंहांनी मांडवाचा रंग पुसला, आणि एका गिऱ्हाइकाचे कामासाठी तिघे बंधू पहारेकऱ्यावाचून एकमेकांशी बोलिले. काय बोलिले, तर, "तू गप बस, मी सांगतो" इतकेच. परंतु बोलिले.

मग तह जाहला. मोबदल्याचा उरलेला अर्धा गणपतरावांनी सभेतच दिधला. लोकांचे संकेतस्थळावर कोणाचाही फोटो नसावा, हे कलम मंजूर जाहले. परंतु मोबाइलवरील आपापली लिंक कोणी सोडीना. त्यांचे म्हणणे की, भाऊबंदांस आणि सोयऱ्यांस धाडण्यास ती ठेवावीच. बाईंनी अर्ज केला की, ठेवू, परंतु संकेतस्थळाची वर्षभर देखभाल करावी लागते, नवे फोटो, नव्या तारखा, बिघाडाची दुरुस्ती, त्याचा सालाना मोबदला पडेल. त्यांनी एकच रक्कम सांगितली होती, तिघांत मिळोन. गणपतराव म्हणाले की, माझ्या लिंकेचे पैसे मी भरीन, दुसऱ्याचे उपकार नकोत. जोतीराम म्हणाले, त्याच्या पैशाने माझा फोटो चालणार असेल तर मी जेवणार नाही. उदयसिंहांनी तर दोघांच्या आधी पूर्ण रक्कम धाडिली, कारण आधी धाडणे हाही त्यांचे मते मान होता. ऐसे करोन एका देखभालीचे तीन मोबदले बाईंचे खजिन्यात दाखल जाहले, आणि त्यातील दोन न मागता. दुसरे दिवशी तिघांनीही कळविले की, पुढील सालचेही आत्ताच घ्या.

त्या रात्री गाळा बंद करून बाई आणि अमरेश पायरीवर बसले आणि दोघांनी साऱ्या मोहिमेचा विचार केला. संकेतस्थळ बांधण्यात जितके दिवस गेले त्याचा मोबदला धरिला तर बांधणीत तोटाच जाहला होता, हे दोघांस साफ दिसले. गोलाकार मांडिले, पुन्हा ओळीत मांडिले, त्यात सारा मोबदला विरघळोन गेला. जे उरले ते देखभालीचे. पूर्वी मराठे मुलूखगिरीस जात, परंतु राज्य चालले ते चौथाईवर, दरसाल येणाऱ्या वसुलावर. हे तत्त्व बाईंस पुण्याचे कंपनीत कोणी सांगितले नव्हते, गारगोटीचे रस्त्यावर सापडले. अमरेश म्हणाला की, बंधुप्रेमावर नफा जाहला नाही, भाऊबंदकीवर जाहला. त्याने आयुष्यात केलेला तो पहिला विनोद, सबब बाईंनी हसोन त्यास दाद दिली. मग तो आपणहून बोलिला की, बेंगळुरास नाही म्हणोन लिहिले, आणि ते सभेचे आधीच, त्या दिवशी सकाळीच लिहिले होते. बाईंनी विचारिले की, मग सांगितले का नाही. तो म्हणाला,

"तुमी विचारलंच न्हाई."

दिवाळीचे पाडव्यास आकारामांनी दुकानाची पूजा केली, आणि मग लागलेच गाळ्यात आले, खुर्ची ओढोन बसले. त्यांनी कागद मागितला नाही, यंत्रही उघडावयास सांगितले नाही. कन्येचे मुखाकडे पाहोन एकच पुसिले,

"नफा हाय?"

बाई म्हणाल्या,

"हाय. लई न्हाय, पर हाय."

बाहेर फटाके वाजत होते. आकारामांनी निर्णय सांगितला की, पेढीचे कारभाऱ्यांस आजच नकार कळविला आहे, गाळा राहील. आक्कांनी हात जोडिले. परंतु आकारामांचे बोलणे पुरे जाहले नव्हते.

"पर पुढच्या म्हयन्यापासून भाडं द्यायचं. मशीनवालं देणार हुतं तेवढंच. एक रुपाया कमी न्हाय."

आक्का खवळल्या आणि म्हणाल्या,

"पोटच्या पोरीकडनं भाडं घेतासा?"

"पोरीकडनं न्हाय," आकाराम म्हणाले. "दुकानदाराकडनं."

अमरेशने मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली आणि त्याचा चेहरा उतरला, कारण नफा आणि भाडे यांत जे अंतर राहिले त्यात दोघांचा चहा कसाबसा बसत होता. परंतु संयोगिताबाईंचे डोळे भरोन आले, ते त्यांनी कोणास दिसू दिले नाहीत. आजवर वडिलांनी त्यांस जे दिले ते लेक म्हणोन दिले होते. त्यांनी वर छताकडे पाहिले, आणि शाहूपुरीतील कोणताही पुरता व्यापारी बोलेल तैसे बोलल्या,

"मग कोपऱ्यात छत गळतंय, त्ये आधी दुरुस्त करून द्या. भाडेकरू हाय मी. आणि रंग पण मालकानंच लावायचा असतोय."

आकारामांनी कन्येकडे पाहिले. घासाघीस तासभर चालली. शेवटी छत मालकाने आणि रंग भाडेकरूने, ऐसे ठरले, आणि आकाराम दुकानी परत जाताना आपणाशीच बोलिले की, पोरगी लई चिवट निघाली, कुणावर गेली काय की.

येणेप्रमाणे शाहूपुरीतील लहानशा धंद्यास पहिला नफा जाहला, आणि तो भाड्यास लागला. गाळा कायम राहिला, छताचे काम पावसाळ्याआधी होईल ऐसे मालकांनी कबूल केले, अमरेश करवीरास स्थिर जाहला, आणि त्याचे अव्वांस प्रथमच पगार पैशात पोचला. बंधुप्रेम कार्यालयात निर्मलाबाईंचे कन्येचे लग्न मार्गशीर्षात निर्विघ्न पार पडले, तिघा बंधूंनी आहेर तीन निरनिराळे केले. संकेतस्थळाची ही मोहीम फत्ते जाहली म्हणोन करवीर मुक्कामी नमूद केले असे. नफा किती, हे ज्यास पुसणे असेल त्याने गाळ्यात येऊन पुसावे, चहा मिळेल. बहुत काय लिहिणे.